पोर्ट ऑफ स्पेनमध्ये 'वाइन घ्यायची' म्हणजे

आम्ही नाशिकची माणसं. वाइनच्या बाबतीत आमच्या डोक्यात जरा हवा गेलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी द्राक्षं फक्त खायची असतात एवढंच माहीत असलेले आम्ही आता पाहुण्यांना गंगापूर धरणाकडे नेतो, ग्लास तिरका धरायला लावतो आणि 'आधी वास घ्या' असं बजावतो. त्यामुळे भाचीच्या घरमालकीण आंटींनी फोनवर सांगितलं की शुक्रवारी रात्री लाइमला या, आणि 'यू मस्ट टेक अ वाइन', तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. उलट बरं वाटलं. नवऱ्याच्या तीन बनियनांत गुंडाळून नाशिकहून आणलेली चेनिन ब्लांक (उच्चार चुकीचा आहे, माहीत आहे, आम्ही तसंच म्हणतो) नाहीतरी कुणाला तरी द्यायचीच होती.

माझी ही भाची म्हणजे नणंदेची मुलगी. त्रिनिदादच्या विद्यापीठात शिकवते आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात एका जुन्या लाकडी घराच्या खालच्या मजल्यावर राहते. 'मामी, एकदा तरी या' असं चार वर्षं चाललं होतं. शेवटी जानेवारीत गेलो. मुंबई, लंडन, मग एका भलत्याच बेटावर विमान टेकलं, आणि तिथून पोर्ट ऑफ स्पेन. पाय सुजले, त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगत नाही.

जानेवारी म्हणजे कार्निव्हलच्या आधीचा मोसम. वुडब्रुकमध्ये संध्याकाळ झाली की कुठून तरी स्टीलपॅनचा आवाज सुरू होतो. तेलाच्या पिंपांपासून घडवलेलं हे वाद्य, आणि त्याचे शंभरेक वादक एका मोकळ्या अंगणात रात्री उशिरापर्यंत एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. त्या अंगणाला पॅनयार्ड म्हणतात. आपल्याकडे गणपतीआधी ढोलपथकांचा सराव चालतो तसंच, फक्त इथे शेजारी कान झाकून तक्रार करायच्या ऐवजी खुर्ची घेऊन ऐकायला येतात. कडेला कॉर्न सूपचं भलंमोठं पातेलं: मक्याच्या कणसाचे जाड तुकडे, डाळ आणि पिठाचे गोळे. कागदी ग्लासातून ते प्यायचं आणि तुकडा बोटांनी काढून चघळायचा. छान लागतं, पण दातांत अडकतं.

तर अशा पॅनयार्डमध्ये मी ठेवणीतली कॉटनची साडी नेसून, बाटली दोन्ही हातांत धरून आंटींसमोर उभी राहिले आणि म्हणाले, तुम्ही म्हणालात म्हणून ही वाइन. आमच्या गावची आहे.

आंटींनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या जवळच्या भिंतीला टेकल्याच. हसून हसून. मग त्यांनी ते शेजारच्या चौघांना सांगितलं, त्यांनी पुढच्या सहांना. सूपवाल्यापर्यंत बातमी पोचली. शेवटी भाचीने माझ्या कानात सांगितलं, "मामी, इथे वाइन म्हणजे कंबर."

म्हणजे नाच. संगीताच्या ठेक्यावर कंबर गोल गोल फिरवायची, त्याला वाइन म्हणतात. ती एकट्याने करता येते, दुसऱ्याबरोबर करता येते, दुसऱ्याकडून 'घेता' येते. आंटी सत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. त्यांनी सूपचा ग्लास माझ्या हातात दिला आणि करून दाखवलं. पाय जागचे हलले नाहीत, खांदे हलले नाहीत, चेहरा तर बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखा. फक्त कंबर. एक पिकल्या दाढीचे गृहस्थ टोपी काढून माझ्यासमोर अदबीने वाकले. मी बाटली छातीशी तान्ह्या बाळासारखी धरून मागे सरकले. नवरा, जो लग्नाच्या वरातीत सुद्धा रिक्षात बसून राहतो, तो म्हणाला, "अगं घे की, एवढं बोलावताहेत."

त्या रात्री मी खरं तर चिडले होते. साडी नेसल्याबद्दल, बाटलीबद्दल, आणि लोक हसल्याबद्दल नाही तर नवरा सगळ्यात जास्त हसल्याबद्दल. कंबर मी हलवली नाही. आता वाटतं, हलवायला हवी होती. तिथे कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

लाइमचं मात्र कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. लाइम म्हणजे लिंबू नव्हे. चार माणसांनी काही काम नसताना जमायचं, खायचं, प्यायचं, बोलायचं, त्याला लाइम म्हणतात. आपल्याला कट्टा जमवायला निदान बसायला कट्टा लागतो, यांना तोही लागत नाही. गाडीच्या डिकीशी उभं राहून तीन तास होतात.

मधले दिवस भरभर गेले. टोबॅगोत तीन दिवस राहिलो, समुद्र फार निळा होता. क्वीन्स पार्क ओव्हल भाचीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ निघालं आणि तिथे नवऱ्याने पाऊण तास घालवला. 1971 च्या मार्चमध्ये भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिली कसोटी, हे सगळं मला तिथे उन्हात उभं करून, जणू मी नकार देणार आहे अशा आवेशात सांगण्यात आलं. डोंगर ओलांडून मराकसच्या किनाऱ्यावर 'बेक अँड शार्क' खाल्लं. नाव ऐकून नवरा दचकला, मी नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, आमच्याकडे मोरीचं, म्हणजे शार्क माशाचंच, मटण होतंच. इथे मोरी तळून, तळलेल्याच फुगीर पावात घालतात आणि वरून काय काय घालायचं ते आपण ठरवायचं: चिंचेची चटणी, लसूण, काकडी, आणि कोथिंबिरीच्या वासाची पण करवतीसारख्या कडांची पानं असतात, त्यांची चटणी. भाजीवाली त्या पानांना 'बंधनिया' म्हणाली. रानातला धने. मला पुढचा अर्धा तास तोच शब्द पुरला.

आणि मग रविवार.

आंटींनी जेवायला बोलावलं होतं, बारा वाजता. मी बाराला पाच कमी असताना तीच बाटली घेऊन जिना चढले. आंटी गाऊनमध्ये, केस ओले. म्हणाल्या, जेवण 'जस्ट नाऊ' होईल. हा शब्द तिथे जन्म काढलेल्यांनाच कळतो. आपल्याकडचं 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' याचा हा सख्खा भाऊ. मी सकाळी मुद्दाम हलकं खाल्लं होतं, कारण जेवायला जायचं होतं. साडेबाराला माझं डोकं दुखायला लागलं. रात्री साडेसातला एरिआपिटा अव्हेन्यूवरच्या एका बऱ्या रेस्टॉरंटमध्ये भाचीने टेबल सांगून ठेवलं होतं. आमचा लग्नाचा वाढदिवस. मी मनात हिशोब करत होते की हे जेवण दोनला उरकलं तर ते पचेल.

रिकामं बसवेना म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ओट्यावर अळू दिसलं.

चांगल्या दोन जुड्या. देठासकट. आंटी त्याला दशीनची पानं म्हणत होत्या, पण अळू ते अळूच. त्यांचं कॅलालू करायचं होतं. मी काही न विचारता खुर्ची ओढली आणि देठ सोलायला घेतले. आंटींनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि सुरी माझ्याकडे सरकवली. एवढ्यावर आमचं जमलं. हाताला खाज सुटायला लागली तशी मी चिंच मागितली, तर त्यांनी चिंचेच्या तिखट सॉसची बाटली दिली. मग तेल लावलं.

अळू, भेंडी, लाल भोपळ्याचा तुकडा, नारळाचं दूध, कांदा-लसूण, आणि धुऊन मोडलेले खेकडे. वर एक अख्खी हिरवी मिरची, ढबूसारखी दिसणारी पण जहाल. ती शिजेपर्यंत फुटता कामा नये, नुसता वास द्यायचा. पातेल्यापाशी कुणीही आलं की आंटी ओरडायच्या, मिरची सांभाळा. शेवटी खेकडे आणि मिरची बाजूला काढून त्यांनी भिंतीवरची लाकडी रवी घेतली आणि सगळं घोटलं. रवीला त्या घोटनी म्हणाल्या. वरणाला फोडणी देतात त्याला 'चुंके'. जिरं म्हणजे गीरा. आंटींना यातला एक शब्दही परदेशी वाटत नव्हता आणि यापलीकडे भोजपुरीचं एक वाक्य येत नव्हतं. 1845 ते 1917 या काळात जवळपास दीड लाख माणसं मजुरीच्या करारावर जहाजांतून इथे आली, बहुतेक कलकत्त्याहून, बहुतेक भोजपुरी मुलखातली. वाक्यं गेली, भांडी राहिली.

मी शेवटचा देठ सोलत असताना मागच्या अंगणातून एक सहा-सात वर्षांचा मुलगा धावत आला आणि दारातच ओरडला, "आजी!"

"काय रे?" मी म्हणाले. मराठीत. मान वर करून, ओल्या हातांनी.

त्याच क्षणी आंटीही इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मुलगा थबकला, आळीपाळीने दोघींकडे बघायला लागला. त्याला फक्त बॉल कुठे आहे ते विचारायचं होतं. बॉल फ्रीजच्या मागे होता. तो घेऊन पळालासुद्धा. बापाची आई ती आजी, आईची आई ती नानी, असं आंटींनी मला समजावून सांगितलं, जणू मला हे माहीत नसणार. पण या मुलाच्या आईचं घराणं आफ्रिकी वंशाचं, त्यामुळे त्याची दुसरी आजी ग्रॅनी. 'येईलच ती जस्ट नाऊ, मॅकरोनी पाय घेऊन.'

पुण्यात माझा नातू आहे, याच वयाचा. तो मला ग्रॅनी म्हणतो. त्याच्या शाळेत सगळे तसंच म्हणतात म्हणे. मी हे आंटींना सांगितलं नाही. त्यांनी तेल गरम करायला घेतलं होतं, आणि तेवढ्यात अळूच्या उरलेल्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेलं काहीतरी माझ्या तोंडात घातलं. सहीना म्हणतात. अळूवडीच, फक्त गूळ-चिंच विसरलेली. मी तीन खाल्ल्या आणि डोकेदुखी थांबली.

ग्रॅनी अडीचला आल्या. त्यांच्यामागून कोण कोण येतच राहिलं: पाव घेऊन शेजारी, बर्फाची पिशवी घेऊन कुणीतरी, पॅनयार्डमधले ते टोपीवाले गृहस्थही. साडेतीनला जेवण. जळक्या साखरेत परतलेली कोंबडी, भात, लाल राजमा, मॅकरोनी पाय, आणि ताटात सगळ्यांवरून ओतलेलं ते हिरवं कॅलालू. फदफद्याची खेकडा खाल्लेली बहीण. मी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा ग्रॅनींनी न विचारता वाढलं.

बाटली तेव्हा उघडली. मी सांगायला तोंड उघडणार की ही थंड, नुसतीच प्यायची असते, तोवर आंटींनी प्लॅस्टिकच्या ग्लासांत बर्फ भरून वर वाइन ओतली होती, आणि त्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-दोन थेंब झटकले. ही बाटली तिथे घरोघर असते. लेबल बाटलीपेक्षा मोठं, गळ्यापर्यंत आलेलं. 1824 मध्ये व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने सैनिकांच्या पोटासाठी बनवलेलं हे औषध, 1875 मध्ये त्याच्या वारसांनी कारखाना पोर्ट ऑफ स्पेनला आणला. तेव्हापासून इथली माणसं ते आइस्क्रीमपासून मटणापर्यंत कशातही घालतात. आता आमच्या दिंडोरीच्या द्राक्षांतही. नाशिकमध्ये हे कुणाला सांगू नका, पण त्या उकाड्यात, खेकडा खाल्ल्यावर, ती तशीच बरी लागली.

टोपीवाल्या गृहस्थांनी ग्लास उंचावून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की शेवटी बाईंनी आम्हाला वाइन दिलीच.

साडेसातचं टेबल राहून गेलं. सात वाजता मी उठायचा प्रयत्न केला, तेव्हा मला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कॅलालू भरून देण्यात आलं आणि परत बसवण्यात आलं. नऊला खाली उतरलो. ते रेस्टॉरंट मी अजून बाहेरूनही बघितलेलं नाही.

परतीच्या दिवशी पहाटे विमानतळाच्या वाटेवर भाचीने कुरेपला गाडी थांबवली. डबल्स खायचे होते. हळद घातलेले, पुरीसारखे दोन मऊ बारे, मध्ये छोले, 1936 च्या सुमारास प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने सुरू केलेला हा प्रकार आता सगळा देश उभ्याउभ्या न्याहारीला खातो. पहिल्या दिवशी मी विक्रेत्याला 'मला तिखट चालतं, महाराष्ट्रातली आहे' असं सांगितलं होतं आणि पुढचे दोन तास नाक पुसत बसले होते. या वेळी रांगेत माझा नंबर आला तेव्हा सगळे म्हणतात तसं म्हणाले, "टू, स्लाइट." म्हणजे दोन, तिखट अगदी थोडं. त्याने वरही पाहिलं नाही. कागदाच्या दोन पुरचुंड्या माझ्या हातात आल्या.

खाताना चिंचेचं पाणी कुर्त्यावर सांडलं. लंडनच्या विमानतळावर मी त्यावर स्कार्फ घेतला.