तेवढं सांगा

आज राउंडवर चिडचिड झाली. कुणावर, ते अजून नीट कळत नाहीये.

अपघातातले आमचे पेशंट, दादा, बोलायला लागले. प्लीहा काढलेली, मांडीचं हाड मोडलेलं, उजवं मनगट मोडून उघडी जखम झालेली, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या गेलेल्या. आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, पायाचं राहू द्या. उजव्या हातानं धार काढता येईल का, तेवढं सांगा."

तेवढं! त्या रात्री हात सगळ्यात शेवटी होता आणि शेवटीच असायला हवा होता. रक्तदाब ८० वर आलेला, आधी पोट उघडणं भागच होतं. मनगटासाठी आल्या आल्या अँटिबायोटिक दिलं, ओली पट्टी बांधली आणि त्याला थांबवलं. सहा तासांत जखम धुतलीच पाहिजे, हा नियम १८९८ मधल्या फ्रीडरिशच्या गिनी पिगवरच्या प्रयोगांपासून चालत आलाय. पहिल्या तासातलं अँटिबायोटिक त्याहून मोलाचं, हे मला पटलेलं आहे. तरी घड्याळाकडे नजर जात होतीच.

मग भुलीचे सर म्हणाले, "पाऊण तासात आवरा." मांडी आणि मनगट, दोन्ही. गाडी उकिरड्यात गेलेली, करंगळीच्या बाजूनं अल्नाचं, म्हणजे कोपर ते मनगटातल्या त्या बाजूच्या हाडाचं, टोक बाहेर आणि त्यावर शेणमाती. उघड्या फ्रॅक्चरच्या गस्टिलो-अँडरसनच्या १९७६ च्या वर्गवारीत नुसते सेंटिमीटर मोजले तर ही जखम दुसऱ्या प्रकारात बसते. पण शेतातली घाण आत गेली की आम्ही ती तिसऱ्यातच धरतो. अशा जखमेत त्या रात्री प्लेट टाकायची नव्हती. जोर न लावता भरपूर सलाईननं धुतलं, मेलेलं तेवढं कापलं, अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडापासून तर्जनीच्या मेटाकार्पलपर्यंत, म्हणजे तळहातातल्या हाडापर्यंत, एक्स-फिक्स लावला, हाडं बाहेरून धरून ठेवणारा सांगाडा. लांबी आली. सांध्याचा पृष्ठभाग मनासारखा नाही आला. आमच्या सरांनी एक्स-रे बघून जे म्हटलं, त्यावर आत्ता नको.

पुन्हा अशीच रात्र आली तर मी हेच करेन. मग लागलं काय? जीव वाचला त्याचं काहीच नाही, असं मनात आलं, हे खरं. जेवण राहिलेलं, आईचा फोन राहिलेला... असो. पण दादांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांचा हिशेब सरळ आहे. मांडीत रॉड पडेल, लंगडत का होईना गोठ्यापर्यंत जातील. तिथं पोचून हात चालला नाही तर?

परत त्यांच्या कॉटपाशी गेले. विचारलं, "मुठीनं काढता की अंगठा मुडपून?" डाव्या हातानं चादरीचं टोक धरून त्यांनी दाखवलं. अंगठा मुडपून. मग त्या अंगठ्याचीच भीती वाटली, कारण अंगठ्याकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्हच्या मुंग्या हाड बसवल्यावर कमी झाल्या असल्या तरी गेलेल्या नाहीत. रात्री वाढल्या तर सकाळची वाट बघायची नाही, कार्पल टनल, म्हणजे त्या नर्व्हचा मनगटातला बोगदा, तेव्हाच उघडायचा. सिस्टरना आणि रेसिडेंटला तसं सांगून ठेवलंय.

उद्या जखम पुन्हा बघायची. स्वच्छ निघाली, कातडी पुरली, तर प्लेट. नाहीतर एक्स-फिक्सच राहील, सोबत के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक तारा. प्लास्टिक सर्जरीवाल्यांना कळवलंय.

दादांना म्हटलं, मूठ वळेल असं वाटतंय, अंगठ्याचं आज सांगता येणार नाही.

"आमची ही मुठीनंच काढते," ते म्हणाले, "शिकवंल मला."