बरणीतला इलेक्ट्रोस्कोप: बोट आधी की फुगा आधी?

इलेक्ट्रोस्कोप म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला तो सुवर्णपत्र विद्युतदर्शी, एखाद्या वस्तूवर विद्युत चार्ज आहे का ते दाखवणारं उपकरण. नाव भारदस्त आहे, पण सोनंबिनं काही लागत नाही. काचेची बरणी, प्लॅस्टिकचं झाकण, तांब्याची जाडसर वायर आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल, बास. झाकणाला भोक पाडून वायर आत सोडायची, खाली हुक वाकवायचा, त्यात फॉइलच्या दोन बारीक पट्ट्या लटकवायच्या आणि वरच्या टोकाला फॉइलचाच गच्च, गुळगुळीत गोळा, कारण टोकदार कोपरे राहिले की तिथून चार्ज हवेत गळतो.

खरी गंमत पट्ट्यांत आहे. सोन्याचा वर्ख साधारण 0.1 मायक्रॉन जाड, आपली फॉइल त्याच्या शंभरेक पट जाड, त्यामुळे ती हुकवर दुमडून अडकवली तर ताठ उभी राहते आणि मग लोक म्हणतात चालतच नाही! वरच्या टोकाला भोक पाडून सैल ओवा, नखाने सुरकुत्या काढा, आणि वायर मोटर वाइंडिंगची असेल तर तिच्यावरचं वार्निश हुकपाशी आणि गोळ्यापाशी नीट खरवडा.

आता फुगा कोरड्या केसांवर घासून गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पट्ट्या फाकतात, फुगा लांब नेला की पडतात. फुग्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, तो वायरमधले इलेक्ट्रॉन खाली ढकलतो, दोन्ही पट्ट्या निगेटिव्ह होतात आणि एकमेकींपासून पळतात, एवढंच.

पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि मला तेच पटत नाही, कारण पुढचा प्रयोग याहून भारी आहे. फुगा जवळ धरूनच गोळ्याला बोट लावा, पट्ट्या पडतील, आता आधी बोट काढा आणि मगच फुगा. पट्ट्या परत उघडतात आणि तशाच राहतात! ढकललेले इलेक्ट्रॉन बोटातून तुमच्या अंगात गेले, बोट काढताच वाट बंद झाली, आणि इलेक्ट्रोस्कोप पॉझिटिव्ह होऊन बसला, म्हणजे फुग्याच्या बरोब्बर उलटा, तेही फुगा न टेकवता. क्रम उलटा केलात, आधी फुगा नेलात, तर इलेक्ट्रॉन बोटातूनच परत येतात आणि हाती शून्य.

असा चार्ज केलेला इलेक्ट्रोस्कोप चिन्हसुद्धा ओळखतो. रेशमाने घासलेली काच आणली की पट्ट्या अजून फाकतात, म्हणजे काच पॉझिटिव्ह. पट्ट्या मिटल्या तर मात्र लगेच निगेटिव्ह म्हणू नका, नुसता रिकामा हात जवळ नेला तरी त्या थोड्या मिटतात. भरवसा फक्त जास्त फाकण्यावर ठेवायचा.

हवा दमट असेल तर हे सगळं फुसकं होतं, काचेवर आणि झाकणावर पाण्याचा थर धरतो आणि चार्ज तिथून पसार. हेअर ड्रायर मारा.

आणि अगदी कोरड्यातही पट्ट्या हळूहळू पडतातच. याच जातीची, पण सीलबंद उपकरणं घेऊन व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ 1912 मध्ये बलूनमधून 5 किलोमीटरच्या वर गेला, तर तिथे ती जमिनीपेक्षा कितीतरी लवकर डिस्चार्ज झाली. त्यातून कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे आणि हवेतून चार्ज निसटू देणारे किरण, सापडले आणि 1936 चं नोबेल मिळालं. आपल्या बरणीतल्या पट्ट्या पडल्या तर त्याचं श्रेय कॉस्मिक किरणांना देण्याआधी झाकण एकदा पुसून बघा.