दहा मिनिटांच्या भाषणाला आठवडा कशाला?

दहा मिनिटांच्या भाषणाच्या तयारीला आठवडा कशाला लागतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. शाहू जयंती जवळ आली की हा प्रश्न कानावर येतोच, आणि विचारणाऱ्याला वाटतं की उरलेला वेळ आम्ही अलंकार शोधत बसतो.

मंचावरून सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. दहा मिनिटांत हजार. त्यातले शंभर तरी मान्यवरांच्या नावांत जातात, म्हणून नावं-पदं आयोजकांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यायची.

खरा वेळ जातो तो एका वाक्यावर. ‘आजच्याच दिवशी महाराजांनी सगळ्या नोकऱ्यांत पन्नास टक्के आरक्षण दिलं.’ टाळ्या हमखास. पण २६ जून १८७४ हा महाराजांचा जन्मदिवस. हुकूम २६ जुलै १९०२ चा. आकडा तोच, म्हणून जीभ घसरते. ‘सगळ्या नोकऱ्यांत’ हेही चूक. हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या, असा तो हुकूम आहे. म्हणजे आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्यानं हात लावला नाही. हे सांगितलं की विरोधकाचा निम्मा आक्षेप बोलायच्या आधीच गळतो. आणि भर दरबारात महाराज घोषणा करताहेत असं चित्र तर रंगवूच नका. तेव्हा ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले होते. या एका वाक्यासाठी दोन संध्याकाळी गेल्या तर गेल्या.

‘लोकांना एवढं कळतं का?’ कळतं. कोल्हापुरात तर पहिल्या रांगेतच कुणीतरी हे वाचून आलेलं असतं. तरी कबूल करतो, ‘रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी’ म्हटलं की टाळी येत नाही.

बाकी सगळं हाताचं काम. जूनअखेर पाऊस, वर पत्रा. लांब वाक्य सरीत बुडतं, म्हणून दहा-बारा शब्दांत पूर्णविराम. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ स्पीकरमधून फुटतात. कागद जाड, एका बाजूला लिहिलेले, क्रमांक घातलेले, पिन न मारलेले. सन अक्षरांत लिहायचा, ‘एकोणीसशे दोन’. आकडा दिसला की वाचताना अडखळायला होतं.

पाठ करावं की कागद धरावा? पूर्वी मी पाठांतराचा कट्टर होतो. हल्ली तारखा आणि हुकमाचे शब्द कागदावरून वाचावेत असं वाटतं. पण कागदाकडे नजर गेली की मागच्या रांगा सुटतात, हेही तितकंच खरं. यावर माझं मत अजून दर जूनला बदलतं.