बिगब्लूबटन सर्व्हर: आवाज मार्गी लागला, रेकॉर्डिंग बाकी

बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरचा माझा सर्व्हर उभा होता, वर्ग उघडत होता, फळा दिसत होता. पण काही जणांना आवाजच लागेना; त्यांच्या स्क्रीनवर एरर 1007. म्हणजे ब्राउझरला सर्व्हरपर्यंत मीडियाचा (आवाज-व्हिडिओचा) रस्ताच सापडत नाही. बिगब्लूबटन मीडियासाठी 16384 ते 32768 हे यूडीपी पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकित दारं) वापरतं आणि कडक फायरवॉलमागे ते सर्रास बंद असतात. शेवटी कोटर्न हा टर्न सर्व्हर, म्हणजे मधे राहून मीडिया पुढे पोचवणारा, चढवला आणि टर्न 443 या पोर्टवर टीएलएस या एन्क्रिप्शनमधून सोडला. बाहेरून बघणाऱ्याला ते साधं एचटीटीपीएसच वाटतं. 443 वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आधीच ठाण मांडून असतो, म्हणून पुढे एचएप्रॉक्सी बसवून येणाऱ्या जोडण्यांची दोघांत वाटणी करून दिली. 1007 गेला.

मग कॅमेऱ्यांचा हिशोब. एसएफयू, म्हणजे सर्व्हरचा व्हिडिओ वाटणारा भाग, व्हिडिओ मिसळत नाही, आला तसा पुढे पाठवतो. तीस जणांनी कॅमेरे लावले की सर्व्हरला 30 प्रवाह घ्यायचे आणि 30 × 29 म्हणजे 870 सोडायचे. एका प्रवाहाला 200 केबीपीएस धरले तरी 174 एमबीपीएस अपलोड! फक्त शिकवणाऱ्याचा कॅमेरा ठेवला तर 29 प्रवाह, सहा एमबीपीएसच्या आत. आवाजाचं तसं नाही: सर्व्हरवरचं आवाज सांभाळणारं फ्रीस्विच सगळ्यांचे आवाज मिसळून प्रत्येकाला एकच प्रवाह देतं, त्यात ओपस हा आवाज आटोपशीर करणारा कोडेक कमी बँडविड्थमध्येही बोलणं स्वच्छ पोचवतो.

म्हणून मुलांचे कॅमेरे मी कुलूपबंद केले आहेत. चेहरे दिसले की वर्ग भरल्यासारखा वाटतो, हे मान्य. पण शिकणं आवाज आणि फळ्यावर चालतं, असं माझं मत. गप्पांसाठी जित्सी हे व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर आहेच. बिगब्लूबटन 2007 मध्ये कार्लटन विद्यापीठात सुरू झालं ते शिकवण्यासाठीच, आणि फळा, मतचाचणी, छोटे गट यांत ते मुरलेलं दिसतं.

स्लाइड मात्र पीडीएफ करूनच चढवा. इतर फाइली सर्व्हरवरचं लिबरऑफिस बदलून घेतं आणि फॉन्ट नसला की जोडाक्षरांची वाट लावतं.

आता अडलंय रेकॉर्डिंगवर. वर्ग संपल्यावर रेकॉर्डिंगवर प्रक्रिया सुरू होते, सीपीयू खाते, आणि तेवढ्यात दुसरा वर्ग चालू असेल तर आवाज तुटायला लागतो. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) टायमरने ते काम रात्रीवर ढकलतोय. कुणी प्रक्रियेसाठी वेगळं मशीन लावलं असेल, तर कच्च्या फाइली तिकडे कशा हलवता ते सांगा.