पाच दिवसांची बायबल शाळा: मिशन दौऱ्यावर मुलांना शिकवायला जाताना

४० मुलं येतील असं धरून आम्ही कागद कापून नेले होते. पहिल्या सकाळी आली ७३. त्यातल्या दहाबारा जणींच्या कडेवर लहान भावंडं. सातआठ वर्षांच्या एका मुलीने तर बाळ खाली ठेवलंच नाही. जमिनीवर फतकल मारून, एका हाताने बाळ मांडीवर धरून ती दुसऱ्या हाताने मेंढरू रंगवत होती आणि कागद सरकू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर तिने पायाचा अंगठा दाबून ठेवला होता. मी शेजारी बसून कागद धरला, तेव्हा कुठे तिने अंगठा काढला.

आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही नऊ जण सुट्टीतली बायबल शाळा घ्यायला पाच दिवस एका डोंगरातल्या गावी गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. या लेखात मुलांबद्दल बरंच काही येणार आहे, आणि ती कुठली हे कुणाला शोधता येऊ नये. तुमच्यापैकी कुणी अशा दौऱ्याची तयारी करत असेल, तर आम्हाला जे तिथे जाऊन कळलं ते तुम्हाला निघण्याआधी कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. त्या गावात संडे स्कूल आमच्या आधीही होतं. एक ताई दर रविवारी झाडाखाली २०–२५ मुलांना गोळा करते, गाणी शिकवते, गोष्ट सांगते, वर अक्षरओळखही करून देते. आम्ही नऊ जण पाच दिवसांनी परत फिरणार होतो, ती तिथेच राहणार होती. हे आम्हाला माहीत होतं, पण आमच्या आखणीत ते कुठेच नव्हतं. आमच्या कागदावर ताईचं नाव फक्त ‘दुभाषी’ म्हणून होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत ही चूक आम्हाला दिसली नाही. तुम्ही पहिला फोन तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना कराल, तो कराच; पण दुसरा फोन तिथे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला करा. मुलं किती, वयं काय, शाळा कधी सुटते, घरात कुठली भाषा बोलतात, आत्ता कुठली गोष्ट चालू आहे, हे सगळं तिला विचारा. आम्ही विचारलं असतं, तर कडेवरच्या भावंडांसाठी एक चटई आणि दोन माणसं वेगळी काढली असती. दुसऱ्या दिवशी काढली, आणि मोठ्या बहिणी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे ठेवून बसल्या.

दुभाष्यामार्फत शिकवायचं असेल, तर वेळ निम्मा झाला असं समजा. दहा मिनिटांची गोष्ट वीस मिनिटं घेते. वाक्य छोटं ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाक्य पुरं झाल्यावरच थांबा. अर्ध्यावर थांबलात तर दुभाषी अडकतो, कारण प्रत्येक भाषेत क्रियापदाची जागा सारखी नसते. यमकं आणि शब्दांचे खेळ घरी ठेवून जा. आदल्या संध्याकाळी पूर्ण गोष्ट दुभाष्याला एकदा सांगा आणि त्याला त्याच्या भाषेत परत सांगू द्या. तो जिथे अडखळेल, तिथे मुलंही अडखळणार. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं बायबलच्या मराठी अनुवादावर घालवली, ती साध्या बायाबापड्यांना वाचून कळावं म्हणून. आपल्या भाषेत ते आयतं मिळालं, म्हणून दुसऱ्याच्या भाषेत सोपं बोलण्याचे कष्ट किती असतात हे आपण विसरतो.

आता शिकवण्याबद्दल. आम्ही बायबलमधल्या लूकच्या १५ व्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली होती: शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ ते शोधायला निघतो. चित्रांचे मोठे तक्ते नेले होते. त्यांतलं एक चित्र वाऱ्याने दोनदा पडलं, मग ताईने मुलांना सांगितलं, खडे आणा. मुलांनी १०० खडे मोजून एका रांगेत मांडले. मोजायलाच पंधरा मिनिटं गेली, दोनदा चुकलं, पुन्हा मोजलं. मग ताईने सगळ्यांना डोळे मिटायला लावून एक खडा उचलला आणि मुठीत लपवला. डोळे उघडल्यावर काही कळेना. पुन्हा मोजणी. ९९ झाल्यावर मुलांमध्ये जो गलका झाला, तो कुठल्याही तक्त्याने झाला नसता. एक हरवलं तर मेंढपाळाला ते कळतं, कारण तो मोजतो, हे त्या मुलांना मला सांगावंच लागलं नाही. तेव्हा साहित्य कमी न्या. खडू, दोरा, साधे कागद आणि रंग एवढं पुरतं. बाकीचं तिथल्या जमिनीवर असतं.

लहान मुलांपुढे रूपकं जपून वापरा. ‘येशूला हृदयात घ्या’ हे आपण इतक्या सहज म्हणतो. आमच्यातल्या एकाने ते म्हटलं, तर पाचेक वर्षांच्या मुलाने छातीवर हात ठेवून विचारलं, आत अंधार आहे, त्याला भीती नाही वाटणार? साधारण सात ते अकरा या वयात मूल हाताने धरता येईल, डोळ्यांनी दिसेल अशाच गोष्टींवरून विचार करतं, असं पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मांडलं आहे. त्याहून लहान मूल तर शब्द जसाच्या तसा घेतं. येशूच्या रक्ताने धुऊन शुभ्र होणं हेही तसंच. रक्ताचा डाग जात नाही, हे कपडे धुणाऱ्या घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. त्या वयाला सरळ सांगा: येशू तुझ्यावर प्रेम करतो, तू चुकलास तर तो क्षमा करतो, तू त्याच्याशी बोलू शकतोस. हे पुरेसं आहे आणि खरं आहे.

रंगांचं पुस्तक बरेच जण नेतात, आम्हीही नेलं होतं. त्याच्या प्रत्येक पानावर नुसता एकेक रंग असतो, आणि रंगावरून पाप, क्षमा अशा गोष्टी सांगतात. शब्द नसलेल्या पानांची ही कल्पना इंग्रज धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८६६ मध्ये लंडनमध्ये मांडली. तेव्हा काळा, लाल आणि पांढरा असे तीनच रंग होते; सोनेरी आणि हिरवा नंतर आले. भाषा येत नसेल तेव्हा ते फार उपयोगी पडतं. पण पापासाठी काळं पान उघडून समोर सावळ्या मुलांचे चेहरे बघितले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या मुलांना रंगावरून आधीच काय काय ऐकावं लागत असेल! आम्ही ते पान दोऱ्याने बांधून टाकलं आणि पापासाठी दोऱ्याचीच गाठ वापरली: एकाच्या मनगटाला गाठ बांधायची, त्याला स्वतःच्या एका हाताने ती सोडवायला सांगायची. सुटत नाही. मग दुसऱ्याने येऊन सोडवायची. मला हे अधिक योग्य वाटलं आणि पुढेही मी असंच करणार.

दुसऱ्या दिवशी शेवटी आम्ही विचारलं, प्रभू येशूवर विश्वास ठेवायला कोण तयार आहे, हात वर करा. सगळे हात वर. चटईवरच्या तीन वर्षांच्या पोराचाही. आम्ही भारावून गेलो, कुणी डोळे पुसले, एकाने आकडा वहीत टिपला. रात्री आवराआवर करताना ताई हळूच म्हणाली, “उद्या ‘कोणाला नको’ असं विचारलंत, तरी सगळे हात वर येतील. पाहुण्यांनी विचारलं आहे ना.” तो आकडा आम्ही खोडला. मुलं मोठ्यांना खूश करायला बघतात, आणि त्यातून आपण दुरून आलेले. घोळक्यात हात वर करायला लावू नका. कुणाला मनापासून काही विचारायचं असेल, तर ते मूल ताईकडे येईल, आज नाही तर सहा महिन्यांनी. आणि परत आल्यावर मंडळीपुढे साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, असे आकडे सांगू नका.

बक्षिसांचंही तेच. गोळ्या, फुगे, टोप्या वाटल्या की दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होते, आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने बसलेल्या ताईकडे निम्मीसुद्धा येत नाहीत. शिवाय वस्तू देऊन मुलांना प्रार्थनेला बसवणं हे आमिषच आहे, मग आपला हेतू कितीही चांगला असो. जे द्यायचं ते संडे स्कूलला द्या, ताईच्या हाती द्या.

आलेल्या मुलांतली बरीचशी ख्रिस्ती घरातली नव्हती. म्हणून आईवडिलांची परवानगी हा सोपस्कार समजू नका. ताई आणि आमच्यातले दोघे घरोघर जाऊन सांगून आले होते की गाणी असतील, येशूच्या गोष्टी असतील, प्रार्थना असेल. एका आईने सांगितलं, गोष्ट ऐकू दे, प्रार्थनेला बसवू नका. आम्ही रोज प्रार्थनेच्या वेळी त्या मुलाला चेंडू खेळायला बाहेर नेत होतो, दोघा मोठ्यांसोबत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत १४ वं कलम मुलाच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं आहे, आणि त्यात मुलाला वाट दाखवण्याचा आईवडिलांचा हक्कही सांगितला आहे. मला त्यात अडचण वाटत नाही. आईला न विचारता तिच्या लेकराला शिकवणं मला प्रभूच्या नावाला साजेसं वाटत नाही. परदेशी जात असाल तर तिथला कायदा आणि व्हिसा नीट वाचा. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मशिक्षण देता येत नाही, आणि त्याचे परिणाम तुम्ही परतल्यावर तिथल्या मंडळीला भोगावे लागतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम निघण्याआधी लेखी करा आणि प्रत्येकाची सही घ्या. एका मोठ्या माणसाने एका मुलासोबत एकटं कधीच राहायचं नाही, शौचालयाकडे नेतानासुद्धा नाही. मांडीवर बसवणं, उचलून घेणं टाळायचं. मूल आपणहून बिलगलं तर बाजूने हात खांद्यावर. फोन नंबर द्यायचे-घ्यायचे नाहीत. फोटो दलातल्या एकानेच काढायचे, तेही परवानगीने, आणि मुलाचं नाव, गाव आणि चेहरा एकत्र कुठेही टाकायचं नाही. फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो देणग्यांसाठी तर मुळीच नाही.

एखादं मूल घरी मार बसतो किंवा त्याहून वाईट काही सांगू शकतं. आमच्यातल्या एकीला चौथ्या दिवशी एका मुलीने असं काही सांगितलं. घाईत ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन बसू नका, कारण ते पाळता येत नाही. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, तिचेच शब्द लगेच लिहून ठेवा आणि आधी ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. ती व्यक्ती कोण आणि तिथल्या कायद्याप्रमाणे पुढे कुठे कळवायचं, हे आम्ही निघण्याआधी ठरवलं होतं. एवढी एक गोष्ट आम्ही वेळेवर केली, आणि त्या दिवशी तिचाच आधार झाला.

कार्यक्रमात ‘अनाथाश्रमाला भेट’ असेल तर ती काढून टाका, असं मी स्पष्ट सांगेन. दोन दिवस खेळून, गळ्यात पडून निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या आयुष्यात आधीच खूप झालेली असतात. अनोळखी माणसाला पाहताक्षणी बिलगणारं मूल आपल्याला गोड वाटतं, पण ती बऱ्याचदा तुटलेल्या नात्यांची खूण असते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेने होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधलं आहे.

चौथ्या दिवसापासून आम्ही जागा बदलल्या. गोष्ट ताईने सांगायची, आम्ही मुलांमध्ये बसायचं, रंग आणि दोरा पुरवायचा. ती तिच्या भाषेत बोलत होती आणि आम्हाला अक्षरही कळत नव्हतं, पण मुलं आमच्याकडे बघेनाशी झाली, तिच्याकडे बघू लागली. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे बायबलमधलं वचन तिने त्यांच्याच एका गाण्याच्या चालीवर बसवलं. आमच्या हातवाऱ्यांच्या गाण्यांपेक्षा ते लवकर पाठ झालं. दुपारी आम्ही तिच्यासोबत पुढच्या बारा रविवारांच्या गोष्टी आखल्या, आणि मला वाटतं त्या पाच दिवसांतलं सर्वांत उपयोगी काम तेच.

१७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी, कारण सुट्टीचा दिवस तेवढाच होता. ताईला हे सांगितलं, तेव्हा तिने आत जाऊन स्वतःची वही आणली. दर रविवारी कोणाला किती अक्षरं आली, हे तिने मुलाच्या नावापुढे टिपून ठेवलं होतं. कडेवर बाळ घेऊन येणाऱ्या मुलीच्या नावापुढे सतरा अक्षरं होती.

निघताना आम्ही विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? तिने थोडा विचार करून सांगितलं: एक फळा, मोठ्या अक्षरांची वाचायची पुस्तकं, आणि नऊऐवजी तीनच माणसं, पण तीन आठवडे राहतील अशी. आमच्यातल्या तिघांनी सुट्टीचे अर्ज दिले आहेत.