कंट्रोल ग्रुपमधली गाठ

बुधवार, रात्री

आज चाचपणीचा दिवस. औषधाने कॅन्सर होतो का हे बघायच्या दोन वर्षांच्या अभ्यासातले रॅट आता म्हातारे झालेत, त्यामुळे दर आठवड्याला कुणाच्या तरी अंगावर काहीतरी हाताला लागतंच. आज एका मादीच्या काखेत गाठ मिळाली. टणक, पण खाली कुठे चिकटलेली नाही, बोटाखाली सुटी फिरते. कॅलिपर लावला, जागा, आकार आणि तारीख फॉर्मवर चढवली. मादीला त्याचं काही नव्हतं, पिंजऱ्यात सोडल्याबरोबर खाद्य कुरतडायला लागली.

नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, ही तर कंट्रोलची. हिला औषधच दिलेलं नाही, मग एवढं मोजमाप कशाला?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "औषध दिलं नाही म्हणूनच रे. उद्या डोसवाल्यांना गाठी आल्या, तर कुणाशी ताडून बघणार?"

काकांनी आयुष्य ॲनिमल हाऊसमध्ये काढलंय. आमच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, हे चार परिच्छेदांत लिहिलंय आणि तरी इतकं स्पष्ट नाही.

प्रत्येक गटात ५० नर, ५० माद्या. रॅटना साधारण २४ महिने ठेवायचं, माइसना, म्हणजे छोट्या उंदरांना, १८. इतकं जगल्यावर काहीच न दिलेल्या जनावरांतही गाठी येतात, आणि कोणती येणार हे बरंचसं वाणावर असतं. स्प्रॅग-डॉली वाणाच्या मादीच्या कातडीखाली गाठ लागली की ती बहुधा स्तनग्रंथीची फायब्रोअडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, निघते. रॅटची स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ काखेतही येते. फिशर ३४४ वाणाच्या नरांत त्वचेखालचे फायब्रोमा आणि कातडीचे केराटोअकँथोमा या गाठी नेहमीच्या. शेवटी ठरवते सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइडच, हात फक्त जागा सांगतो.

गुरुवार

काल झोपताना डोक्यात तेच फिरत होतं. कंट्रोलच्या गाठींना आम्ही अहवालात 'उत्स्फूर्त' लिहितो आणि पुढच्या तक्त्याकडे वळतो. पण कुणी नीट खोदलं की बऱ्याच वेळा कारण मिळालेलं आहे. हवं तेवढं खायला ठेवलं की गाठी वाढतात, खाणं आवरलं की कमी होतात. बी६सी३एफ१ जातीचे नर माइस एका पिंजऱ्यात अनेक ठेवले की पाठीला, शेपटीच्या बुंध्याला चावून एकमेकांना रक्तबंबाळ करतात, आणि अशा नरांत त्वचेखालचे सार्कोमा (जोड-ऊतींचे कॅन्सर) एकेकट्या ठेवलेल्यांपेक्षा जास्त दिसले. ओळखीसाठी कातडीखाली टोचलेल्या मायक्रोचिपभोवतीही माइसमध्ये सार्कोमा झाल्याचे अहवाल आहेत. म्हणजे जनावर ओळखता यावं म्हणून केलेली सोय गाठीचं कारण झाली! आमच्याकडे कानाला छिद्रं पाडतात. ते बघायला बरं वाटत नाही, पण यापुढे मी कुरकुर करणार नाही.

सगळ्यात भारी गोष्ट आपल्या खारघरची. टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात न्यूड माइसची वसाहत आहे. न्यूड माऊस म्हणजे अंगावर केस नाहीत, थायमस ग्रंथीही धड बनलेली नाही, त्यामुळे संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींचा पहारा नाही. या माइसच्या नाकातोंडाच्या कडेला, जिथे कातडी संपून ओलसर अस्तर सुरू होतं तिथे, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे चामखीळ उगवले. कुणी काही लावलेलं नाही, टोचलेलं नाही. एखाद्या घाईच्या ठिकाणी माइस मारून, पिंजरे वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून विषय संपला असता. इथे स्लाइड केल्या. वरच्या थरात कोइलोसाइट दिसले, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाची पेशी-तपासणी) वाचणाऱ्याला ओळखीच्या असतात त्या पोकळ्या पडलेल्या पेशी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केंद्रकांत विषाणूचे कण स्फटिकासारखे रचलेले. २०११ साली छापून आलं : प्रयोगशाळेतल्या माइसमध्ये चामखीळ आणणारा पॅपिलोमा विषाणू आणि त्याचा आजार सापडल्याची ही पहिलीच नोंद.

सशातला पॅपिलोमा विषाणू १९३३ पासून माहीत होता. पण ज्या प्राण्याची जनुकं, प्रतिपिंडं, वाण सगळं हाताशी आहे, त्या माऊसमध्येच हा सापडत नव्हता. आता जगभर एचपीव्हीसारख्या (माणसातल्या पॅपिलोमा विषाणूसारख्या) संसर्गाशी शरीर कसं झगडतं हे या विषाणूवर तपासतात. आमच्या कँटीनमध्ये विचारलं तर दोघांनाच हे माहीत होतं, आणि खारघर इथून एक्स्प्रेस-वेने दोन-अडीच तासांवर.

शनिवार

आज दुपारी मास्टोमिसबद्दल वाचत बसले. हा आफ्रिकेतला उंदीर. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतल्या वसाहतीत तो जन्मल्यानंतर लवकरच एमएनपीव्ही नावाच्या पॅपिलोमा विषाणूने बाधित होतो आणि वय झालं की कातडीवर गाठी येतात. लस दिली तर त्या टळतात, म्हणजे कारणाबद्दल शंका उरत नाही. पण अतिनील किरणांची जोड मिळाली की काहींत कॅन्सर होतो, आणि जे कॅन्सर सगळ्यात बिघडलेले, पेशींची ओळखच हरवलेले, त्यांत विषाणूचा डीएनए जवळपास मिळत नाही. काम करून तो निघून गेलेला.

मी रोज स्लाइडवर जे दिसतं त्यावर सही करते. नाही दिसलं तर 'आढळले नाही' लिहिते. अशा गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) माझ्याकडे आला असता तर मीही कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नसतं.

सोमवारी काकांशी बोलायचंय. कंट्रोलच्या माइस नरांमध्ये कुठल्या पिंजऱ्यात भांडणं होतात हे त्यांना तोंडपाठ आहे, पण फॉर्मवर कुठेच नाही. चाव्याच्या जखमेसाठी एक वेगळी ओळ घालून घेते. क्यूएवाले, म्हणजे कामाचा दर्जा तपासणारे, दुरुस्तीचा फॉर्म मागतील, तो भरू.