ऑलवेज आणि नॉटची भांडणं: सहावा आठवडा

इंग्रजी शिकतेय. युज्वली, ऑफन, सेल्डम या 'किती वेळा' सांगणाऱ्या क्रियाविशेषणांची वाक्यातली जागा आता अंगवळणी पडली आहे. मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ॲम-इज-आरच्या नंतर. शी ऑफन वॉक्स, शी इज ऑफन टायर्ड. झालं, पुढे.

अडकले ते नकारात. सरावाच्या वहीत लिहिलं होतं, 'आय ऑलवेज डोंट रिप्लाय.' मनात होतं 'मी नेहमी उत्तर देत नाही', म्हणजे कधी देते, कधी राहून जातं. दोन दिवसांनी वाचलं तर मी चक्क कधीच उत्तर देत नाही, असा कबुलीजबाब! तोही अवघडलेल्या इंग्रजीत. हवं होतं 'आय डोंट ऑलवेज रिप्लाय.' आपल्या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, कुठला घ्यायचा ते संदर्भ आणि आवाजातला जोर ठरवतो. इंग्रजीत ते काम शब्दांचा क्रम करतो.

ऑफनचं तर आणखी गमतीशीर. आठवड्यात चार दिवस स्वयंपाक करणारी आणि तीन दिवस टाळणारी बाई 'आय ऑफन डोंट कुक' खुशाल म्हणू शकते. 'आय डोंट ऑफन कुक' म्हणाली तर ती क्वचितच करते असं होईल. (नेव्हरसोबत डोंट लिहायची माझी खोड अजून गेलेली नाही. 'कधीच'ला 'नाही' लागतंच ना, हात आपोआप जातो.)

या आठवड्यातला खरा धक्का मात्र डासांनी दिला. 'मॉस्किटोज कॅरी मलेरिया' हे खरं. ऑलवेज घातलं की खोटं, युज्वली घातलं तरी खोटंच, समटाइम्स घातलं की पुन्हा खरं. साध्या वर्तमानकाळात एक न लिहिलेलं 'युज्वली' दडलेलं असतं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. ते साफ चुकलं. नुसतं वाक्य डासांच्या एकूण जातीबद्दल बोलतं. क्रियाविशेषण आलं की मोजणी सुरू होते.

आणि मोजणी दर वेळी काळाचीच असते असंही नाही. डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये वर्गसमीकरणांचं उदाहरण घेतलं होतं: त्यांना 'युज्वली' दोन वेगळी उत्तरं असतात. समीकरण काही सोमवारी एक आणि मंगळवारी दोन उत्तरं देत नाही. इथे युज्वली समीकरणं मोजतंय, दिवस नव्हे.

आता 'ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग' घेतलंय. यातलं ऑलवेज मोजत कमी आणि वैतागत जास्त असावं, असा वास येतोय.